काम आधी, माणूस नंतर?

समर्थक : अस्तित्ववादाचं सगळं म्हणणं एका गोष्टीवर उभं आहे. माणूस आधी जन्माला येतो, जगायला लागतो, आणि आपण कोण हे त्यानंतर आपल्या कृतीनं ठरवत जातो. झां-पॉल सार्त्र यांनी २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमध्ये दिलेल्या व्याख्यानात कागद कापायच्या सुरीचं उदाहरण घेतलं होतं. सुरी घडवणाऱ्याला ती कशासाठी हवी हे आधीच माहीत असतं. काम आधी ठरतं, वस्तू मागाहून होते. माणसाचं काम असं आधी ठरवून बसलेला कुणी नाही, म्हणून माणसाला जन्मापूर्वीचं सारतत्त्वही नाही. हा विचार महायुद्धात पोळलेल्या युरोपचा, आपला त्याच्याशी संबंध काय, असं पुष्कळांना वाटतं. मला तो आपल्याच गावांसाठी सांगितल्यासारखा वाटतो. सार्त्रना सुरीचं उदाहरण द्यावं लागलं; आपल्या गावगाड्यात तोच नियम जित्याजागत्या माणसांना लावलेला होता. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’त तो सगळा मांडलेला आहे. मूल कुणाच्या घरात जन्मलं यावरून ते पुढं वेशीवर पहारा देणार, मेलेलं ढोर ओढणार, मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पळणार की भाता ओढणार, हे पाळण्यातच ठरे. अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, ते उगाच नाही. ठरलेल्या कामाच्या बदल्यात मिळणारा ठरलेला वाटा म्हणजे बलुतं. त्या वाट्याबरोबर माणसाचं सारतत्त्वही पदरात पडत होतं. ‘माणसाला आधीपासून ठरलेलं काही नाही’ हे वाक्य या पार्श्वभूमीवर वाचा, म्हणजे त्यात केवढा स्फोट आहे ते कळेल.

शंकाकार : स्फोट आहे हे मान्य. पण तो कुणाच्या दारात होतो ते मला पाहायचं आहे. बलुतेदारी कायद्यानं गेली. मुंबई राज्यानं १९५८ साली कायदा करून महारवतनासह गावकामगारांची कनिष्ठ वतनं रद्द केली. आता कुणाच्या कपाळावर काम लिहिलेलं नाही, असं आपण म्हणतो. तरी तुमची ती सुरी मला आजच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, दाखवता येते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जोडपी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. मुकादम टोळी भरताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी असेल तर अर्धा कोयता. उन्हाळ्यात घेतलेली उचल दोघांच्या नावावर पडलेली असते. फडात पहाटेच्या अंधारात काम सुरू होतं. नवरा बुडखा छाटतो, बायको वाढं काढून मोळ्या बांधते, आणि गाडी भरताना तीच मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून वर चढते. फळी पायाखाली लवते, दवानं ओली झालेली असते, आणि वर चढताना हात मोळीला असतात म्हणून धरायला काही नसतं. रात्री गाडी भरायला आली तर ती रात्रीही चढते. एका दिवसाचा खाडा पडला तर त्याचा दंड उचलीत मिळवला जातो. यात जन्माचं बंधन नाही, वतन नाही, सरकारी हुकूम नाही. करार आहे, अंगठा आहे, सही आहे. म्हणजे तुमच्या तत्त्वज्ञानाच्या हिशेबात हे सगळं तिनं निवडलेलं ठरतं. मुकादमही नेमकं हेच म्हणतो: कुणी जबरदस्ती केली होती का? ज्या विचाराचा निष्कर्ष आणि मुकादमाचा युक्तिवाद एकच निघतो, तो विचार मी संशयानं पाहते.

समर्थक : सार्त्र परिस्थिती नाकारतात, असं तुम्ही धरून चाललात. ते तसं कुठंच म्हणत नाहीत. १९४३ सालच्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात त्यांनी माणसाच्या वाट्याला न मागता आलेल्या गोष्टींचा सविस्तर विचार केला आहे: जन्म, शरीर, जात-वर्ग, भूतकाळ, आजूबाजूची माणसं. त्यांचं म्हणणं एवढंच, की या गोष्टींना अर्थ काय द्यायचा हे शेवटी माणसाच्या हाती उरतं, आणि ते हाती उरणं टाळता येत नाही. याचा दाखला तुमच्या-माझ्या नगरात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या १२ जणांना इथल्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव त्यांत होते. एप्रिल १९४३ मध्ये मौलाना आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात अखेरच्या आजारात होत्या. सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच कळवतो, असं किल्ल्यातल्या अधिकाऱ्यानं आझादांना सुचवलं. आझादांनी विनंती करायला नकार दिला. ९ एप्रिलला त्या गेल्या, आणि आझाद किल्ल्यातच राहिले. भिंती सरकारच्या होत्या, पहारा सरकारचा होता. विनंती करायची की नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती आणि तिच्यात सगळा माणूस उभा राहिला. पुढच्याच वर्षी, पॅरिस मुक्त झाल्यावर, सार्त्र यांनी लिहिलं की जर्मन ताब्यातल्या दिवसांइतके आपण कधीच स्वतंत्र नव्हतो, कारण तेव्हा प्रत्येक शब्दाला, प्रत्येक गप्प बसण्याला किंमत मोजावी लागत होती. किल्ल्यातले कैदी आणि पॅरिसचे लोक एकमेकांना ओळखत नव्हते. तरी दोघांचा अनुभव एकाच दिशेला बोट दाखवतो.

शंकाकार : आझादांच्या त्या नकारापुढं मान झुकते, यात वाद नाही. पण ‘गुबार-ए-खातिर’मध्ये त्यांनीच दुसऱ्या एका माणसाची हकिगत लिहून ठेवली आहे. किल्ल्यात स्वयंपाक्याची अडचण झाली तेव्हा बाहेरून एक स्वयंपाकी पगाराच्या लालचीनं आणला गेला. आत आल्यावर त्याला कळलं, की गुप्ततेपायी त्याला आता घरी जाता येणार नाही. तो पगारी नोकर म्हणून आला आणि कैदी होऊन बसला. त्या माणसानं काय निवडलं होतं? ‘चले जाव’चा ठराव त्यानं केला नव्हता, आणि तुरुंगवासाला अर्थ द्यावा अशी कसलीही गोष्ट त्याच्या पदरी नव्हती. आझादांच्या मागं आयुष्यभराचं वाचन होतं, राष्ट्राचं नेतृत्व होतं, आपला नकार इतिहास वाचणार आहे याची जाण होती. नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरात त्याच किल्ल्यात भारताच्या शोधाचा ग्रंथ लिहिला. भिंती दोघांना त्याच होत्या. भिंतींना अर्थ देण्याची साधनं मात्र एकाकडे होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. ही शंका माझ्या पदरची नाही. सिमोन द बोव्हार यांनी १९४० मध्येच सार्त्रशी यावरून वाद घातला होता: जनानखान्यात कोंडलेल्या बाईला परिस्थितीच्या पलीकडं जायची कसली वाट उरते? सगळ्या परिस्थिती सारख्या नसतात, हा त्यांचा मुद्दा होता. मी तोच फळीवर चढणाऱ्या बाईसाठी विचारते.

समर्थक : बोव्हार यांचा मुद्दा मी पूर्ण स्वीकारतो, आणि पुढं त्यांनीच तो १९४९ मध्ये बाईपणाच्या विचारात विकसित केला, हेही सांगतो: बाईपण जन्मानं येत नाही, घडवलं जातं. हाही सारतत्त्वाला नकारच आहे. पण तुमच्या बोलण्यात मला एक धोका दिसतो, तो स्पष्ट सांगतो. ऊसतोडणाऱ्या बाईला काही निवडता येत नाही, असं आपण शहाण्या माणसांनी वारंवार म्हटलं, की आपणही तिला कोयत्यातच मोजतो. मुकादमाला ती कामाचं हत्यार, आपल्याला ती दुःखाचा नमुना. दोन्हीकडं माणूस गायब. हत्यार आणि माणूस यांच्यातला फरक मला एका गोष्टीत अगदी लख्ख दिसतो: हत्यार संप करू शकत नाही. ऊसतोड कामगारांनी ‘कोयता बंद’ची हाक दिली आहे, एकदा नाही, अनेकदा. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे यांच्या नेतृत्वाखाली तोडणीच्या दरासाठी लढे झाले, कारखाने अडले, दर वाढवून द्यावे लागले. उचल अंगावर असताना, घरात दाणा नसताना, मुकादम दारात उभा असताना ही माणसं ‘आम्ही निघत नाही’ म्हणाली. सगळी परिस्थिती ‘जा’ म्हणत असताना जो ‘नाही’ म्हणतो, त्याचं स्वातंत्र्य सिद्ध करायला आणखी पुरावा कशाला हवा?

शंकाकार : संपाचा दाखला वजनदार आहे. तरी त्यातली एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नका. ‘कोयता बंद’ एका कोयत्यानं होत नाही. एकटं जोडपं घरी बसलं तर त्यांच्या जागी दुसरं जातं, आणि उचल फेडायला पुढच्या वर्षी दुप्पट राबावं लागतं. सार्त्र यांचा माणूस एकटा निवडतो, एकटाच जबाबदार ठरतो. इथली निवड हजारोंनी मिळून केली तरच निवड ठरते. आता एकटीनं केलेल्या निवडीचं उदाहरण पाहा. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडणाऱ्या बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ मध्ये शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पिशवी काढायच्या कागदावर सही बाईचीच होती. तिला कारण विचारलं तर तेही तिच्याकडं होतं: पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, अंगावरून जाण्याचा त्रास अंगावर काढायचा तरी किती. त्यात कुणी डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. ऐन तिशीतली बाई सही करते. तिनं विचार केला, पर्याय तोलले, निर्णय घेतला. निवडीची सगळी लक्षणं हजर आहेत. याला स्वातंत्र्य म्हणायला तुमची जीभ रेटेल का?

समर्थक : नाही रेटणार. आणि मी माझं म्हणणं इथं दुरुस्त करतो. निवड करता येणं आणि निवडीनं आपलं जग थोडं तरी मोकळं होणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या बाईजवळ पहिली होती, दुसरी नव्हती. सार्त्र यांच्या सुरुवातीच्या लेखनात या दोहोंची गल्लत आहे, आणि पुढं त्यांनाही ती जाणवली. १९६० सालच्या ग्रंथात ते टंचाई, समूह आणि इतिहास यांच्याकडं वळले, ते त्यामुळंच. पण समूहाचं स्वातंत्र्य म्हणाल तर त्याचंही आपल्याकडं मोठं उदाहरण आहे. शेतकऱ्यानं ऊस पिकवायचा आणि साखर भांडवलदारानं करायची, हाही एक ठरलेला क्रमच होता. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांच्या सोबतीचे शेतकरी यांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीनं तो मोडला, आणि १९५० मध्ये प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ज्यांना कुणी कारखानदार मानलं नसतं ते कारखानदार झाले. हिवरे बाजारनं ग्रामसभेत बसून ठरवलं, की शेतीला बोअरचं पाणी घ्यायचं नाही आणि उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. ज्या गावातून लोक पोटासाठी बाहेर पडत होते, तिथं ते परत आले. दुष्काळ हे नगरचं नशीब आहे, हे सारतत्त्वही माणसांनी मोडून दाखवलं.

शंकाकार : तुम्ही प्रवरानगरचं नाव घेतलंत, आता तिथंच थांबू या, कारण माझी खरी शंका तिथं आहे. त्या शेतकऱ्यांनी जे केलं ते थोर होतं. पण कारखान्याचा सभासद ऊस पिकवणारा आहे, तोडणारा नाही. वार्षिक सभेत हात वर करायचा अधिकार ज्याच्या नावावर शेअर आहे त्याला. जसजसे कारखाने वाढले, तसतसा ऊस वाढला, आणि तो ठरल्या दिवसांत तोडून गव्हाणीत टाकायला दुष्काळी डोंगरपट्ट्यातली जोडपी लागली. म्हणजे एका तालुक्यातल्या माणसांनी आपलं ठरलेलं काम झुगारून दिलं, आणि त्या झुगारण्यातून दुसऱ्या तालुक्यातल्या माणसांसाठी नवं ठरलेलं काम तयार झालं. तुम्ही ज्याला परिस्थिती म्हणता, न मागता वाट्याला आलेली गोष्ट म्हणता, ती आभाळातून पडत नाही. एकाचं स्वातंत्र्य दुसऱ्याच्या पुढ्यात परिस्थिती होऊन उभं राहतं. पर्जन्यछाया निसर्गाची, पण उचल, खाडा, कोयता हे माणसांनी ठरवलेले नियम आहेत. माझं म्हणणं इतकंच, की परिस्थितीला अर्थ कसा द्यायचा हे विचारण्याआधी ती परिस्थिती कुणाच्या निवडीतून आली, हे विचारा.

समर्थक : हा प्रश्न मला मान्य आहे, आणि तो अस्तित्ववादाला बाहेरचा नाही, त्याच्या गाभ्यातला आहे. मी निवडतो तेव्हा सगळ्यांसाठी निवडतो, असं सार्त्र त्याच व्याख्यानात म्हणाले होते. पण परिस्थिती दुसऱ्यांनी घडवली एवढं कळल्यानं माणूस मोकळा होत नाही. कळल्यावर पाऊल उचलावं लागतं. कोपरगावच्या शेजारी येवलं आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केलं, की ज्या धर्मात जन्म झाला तो माझ्या हातात नव्हता, पण त्या धर्मात मी मरणार नाही. जन्म माझा नाही, पुढचं माझं आहे: अस्तित्ववादाचा यापेक्षा नेटका उच्चार मला युरोपातही सापडत नाही, आणि तो सार्त्र यांच्या व्याख्यानाच्या १० वर्षं आधीचा आहे. घोषणेपासून १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेपर्यंत २१ वर्षं लागली. त्यांनी निवडलेल्या बौद्ध विचारातही कायमचा, न बदलणारा आत्मा मानलेला नाही. माणसाच्या आत कोरून ठेवलेलं काही नाही, म्हणूनच कुणाला जन्मानं नीच ठरवता येत नाही. सारतत्त्वाचा नकार हा आपल्याकडं बुद्धिवंतांचा छंद नव्हता. लाखो माणसांनी तो जगून दाखवला.

शंकाकार : येवल्याला मी कधीच लहान करणार नाही. पण बाबासाहेबांनीच दोन वाटा एकदम चालवल्या, हे लक्षात घ्या. मुंबई विधिमंडळात महारवतनाविरुद्ध त्यांनी १९२८ मध्येच विधेयक आणलं होतं. नुसतं मन बदलून वतन जात नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि धर्म बदलला, कायदा आला, तरी समोरच्याच्या नजरेतलं सारतत्त्व जागचं हललं नाही. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात दलित घरातल्या १७ वर्षांच्या शाळकरी मुलाचा खून झाला; वरच्या जातीतल्या मुलीशी त्याचं प्रेम असल्याचा संशय हे कारण सांगितलं गेलं. खटल्यात साक्षीदार फुटले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. सार्त्र म्हणतात निवडीला किंमत असते. इथं किंमत निवडीला सुद्धा नव्हती, नुसत्या संशयाला होती. वर्गातला एक मुलगा वर्गातल्या एका मुलीशी बोलेल, इतकंही जिथं मोकळं नाही, तिथं ‘माणूस स्वतःला घडवतो’ हे वाक्य मी कुणाच्या घरात जाऊन म्हणू?

समर्थक : त्या घरात जाऊन कुणीच म्हणू नये. पण ज्यांनी मारलं, आणि ज्यांनी पाहिलं पण कोर्टात सांगितलं नाही, त्यांच्या घरात जाऊन जरूर म्हणावं. ‘आमच्या जातीची रीतच अशी’, ‘गावात राहायचं तर गप्प बसावं लागतं’ ही वाक्यं सार्त्र यांच्या भाषेत आत्मवंचना ठरतात: आपण माणूस असून आपल्याला पर्यायच नव्हता असं स्वतःला पटवणं. आणि आत्मवंचना फक्त जुलूम करणाऱ्याकडंच असते असंही नाही. ‘बलुतं’ची रचना आठवा. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एक गावकुसाबाहेरचा पोर, दुसरा शहरातला नोकरदार लेखक. दोघं एकाच माणसात आहेत आणि एकमेकांना टाळतात. दगडूला विसरून फक्त दया पवार होणं हेही खोटं, आणि आपण कायमचे दगडूच आहोत म्हणणं हेही खोटं. हे पुस्तक आलं तेव्हा आपली लक्तरं कशाला वेशीवर टांगली, असा रागही त्यांच्या काही आपल्या माणसांना आला. तरी त्यांनी लिहिलं. सारतत्त्व नाकारणं म्हणजे भूतकाळ पुसणं नाही, हे मला कुठल्याही फ्रेंच ग्रंथापेक्षा या पुस्तकानं जास्त शिकवलं.

शंकाकार : तुमच्या या बोलण्यातून मला एक फरक स्पष्ट होतोय, तो मांडून पाहते. ‘मी निवडलं’ असं जेव्हा आझाद म्हणतात, दया पवार म्हणतात, कोयता बंद करणारी बाई म्हणते, तेव्हा ते वाक्य माणसाला उंच करतं. तेच वाक्य ‘तू निवडलंस’ असं होऊन मुकादमाच्या, डॉक्टरच्या, कारखान्याच्या तोंडी आलं की ते माणसाला चिरडतं. विचार तोच, बोलणारा बदलला की त्याचा अर्थ उलटतो. म्हणून स्वातंत्र्याचं तत्त्वज्ञान माणसानं आधी स्वतःला लावावं. दुसऱ्याला लावायचं तर आपल्यापेक्षा ज्याच्या हातात जास्त आहे त्याला लावावं, ज्याच्या हातात कमी आहे त्याला नाही. पर्याय नव्हता असं फळीवरची बाई म्हणाली तर मी तिच्यावर विश्वास ठेवीन. तेच कारखान्याचं संचालक मंडळ म्हणालं, तर मी त्यांच्याकडं गेल्या हंगामाचा हिशेब मागेन.

समर्थक : हा नियम मी मनापासून स्वीकारतो, एक अडचण सांगून. मुकादमाचं काय करायचं? पुष्कळ मुकादम कालपर्यंत स्वतः कोयता होते. टोळीची उचल त्यांनी कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून उचललेली असते. चार जोडपी पैसे घेऊन पसार झाली तर त्याचं शेत जातं. तो वर पाहिला तर लाचार, खाली पाहिला तर जुलमी. त्याला कोणतं वाक्य लावायचं? आणि ती बाई तरी नेहमी सगळ्यात खालीच असते का? फडावर धाकट्या बहिणीला सांभाळायला ठेवलेली, शाळा सुटलेली तिची दहा वर्षांची मुलगी आहे. आईजवळ पर्याय नव्हता, असं त्या मुलीनं मोठेपणी मानावं का? प्रत्येक माणूस कुणाच्या तरी खाली असतो आणि कुणाच्या तरी वर. तुमचा नियम खरा आहे, पण तो लावताना बोट कुठं थांबवायचं हे तो सांगत नाही.

शंकाकार : सांगत नाही, हे खरं. त्या मुलीनं आईला काय म्हणावं हे ठरवायचा अधिकार मला नाही, तुम्हालाही नाही. तो त्या मुलीचा आहे, आणि कदाचित तिचं स्वातंत्र्य तिथूनच सुरू होईल. मुकादमाचं कोडंही मला सुटलेलं नाही. पण न सुटलेल्या कोड्याच्या आड लपून ज्या गोष्टी सरळ हातात आहेत त्या टाळता येणार नाहीत. पाळीच्या आणि आजारपणाच्या दिवसांचा खाडा धरायचा नाही, एवढं ठरवायला तत्त्वज्ञान लागत नाही. फडावर पाणी, संडास, आडोसा द्यायला कारखान्याला कुणी अडवलेलं नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृह योजना आहे. आई-बाप फडावर गेले तरी मुलगी गावात राहून शिकली, तर तिच्यापुढं निवडायला निदान दोन गोष्टी येतात.

समर्थक : मग आपलं भांडण इथवर आलं म्हणायचं: माणसाचं काम आधी ठरलेलं नाही हे तुम्ही मानता, आणि ते रोज नव्यानं ठरवलं जातं आहे हे मी मानतो. एकटा माणूस किती मोकळा, यावर आपलं जुळत नाही, जुळेल असंही वाटत नाही.

शंकाकार : जुळायची गरजही नाही. दिवाळीनंतर पाथर्डीतून, जामखेडातून गाड्या पुन्हा निघतील. हे वाचणाऱ्यांत कुणी कारखान्याचे सभासद असतील, कुणी शिक्षक, कुणी डॉक्टर, कुणी ग्रामपंचायतीचे सदस्य. ही माणसं जातात तरी कशाला, असं त्यांनी या वर्षी विचारू नये. त्यांच्या जाण्यातलं आपल्या हातात काय आहे ते पाहावं, आणि गाड्या निघायच्या आत ते करावं.